आगीची हजेरी

आमच्या मंडळीत ते मोठं स्तोत्र नुसतं वाचत नसत. त्याची हजेरी घेत.

मार्च संपत आला, पनागर-पाटनकडचा गहू-हरभरा खळ्यावर आला, की जबलपूरमधली आमची वीस-बावीस मराठी ख्रिस्ती घरं उपकारस्तुतीचा रविवार पाळत. बहुतेक सगळे दारूगोळ्याच्या कारखान्यातले, उरलेले रेल्वेतले. पाळक महिन्यातून एकदा येत, एरवी उपासना आम्हीच चालवायचो. त्या रविवारी अख्ख्या सृष्टीला देवाच्या स्तुतीसाठी बोलावणारं स्तोत्र घेतलं जाई. त्यात आधी आकाशातल्यांना हाक आहे. मग समुद्रातल्या मोठ्या जनावरांना, आगीला, गारांना, बर्फाला, वादळाला, डोंगरांना, फळझाडांना, गुरांना, सरपटणाऱ्या जीवांना, पाखरांना. माणसांचा नंबर सगळ्यांच्या शेवटी लागतो.

माझ्या वडिलांच्या पिढीत कोणीतरी ही हाक घराघरांत वाटून दिली. वाचणारा नाव घेई, त्या घरची माणसं उठत, आपली वस्तू पुढच्या मेजावर ठेवत आणि म्हणत, ‘हजर’. आई म्हणायची की ही रेल्वेवाल्यांची करामत, त्यांना हजेरीशिवाय काही सुचत नाही. सूर्याच्या घरून घासलेलं पितळी ताट येई. पाण्याच्या घरून ग्वारीघाटावरून भरलेला नर्मदेचा लोटा. डोंगराच्या घरचे लोक मदनमहालच्या टेकडीवरचा एक काळा दगड आणत. उरलेलं वर्षभर तो त्यांच्या दाराला अडसर म्हणून असे. गारा एका रेल्वे गार्डच्या घराकडे होत्या. ते बर्फ कारखान्यातून भुशात गुंडाळलेली लादी आणत आणि त्यांची पाळी येईपर्यंत ती अर्धी वितळलेली असे. सरपटणाऱ्या जीवांच्या घरची आजी डब्यात माती घालून गांडुळं आणायची आणि हजर म्हणताना डोळे गच्च मिटून घ्यायची. आमच्या घराकडे फळझाडं होती. अंगणातली पपई, बोरं, एखादं बेलफळ, एवढ्यावर भागे.

आग माझ्या मित्राच्या घराकडे होती.

आम्ही एकाच ओळीतल्या क्वार्टरांत वाढलो आणि एकाच विभागात लागलो. दारू भरण्याचा विभाग. शेडच्या दारात गुडघ्याएवढी एक आडवी फळी असे. फळीच्या अलीकडे आपल्या चपला काढायच्या, पाय उचलून पलीकडे टाकायचा आणि तिथले मऊ तळाचे बूट चढवायचे. अंगठी नाही, नाणं नाही, धातूचं बटण नाही. फाटकावर झडती होई आणि काडेपेटी, विडी-सिगारेट तिथेच जमा होई. त्यामुळे आमच्यातल्या कारखानेवाल्यांना खिशात काडेपेटी ठेवायची सवयच नव्हती. एका वर्षी माझा मित्र समई घेऊन मेजापाशी उभा राहिला, मी ‘आग’ म्हणून हाक दिली आणि सगळ्या देवळात एक काडी निघेना. तो हात जोडून लोकांना म्हणाला, “आग हजर आहे, भाऊ, पण तिला गेटवर जमा करून घेतलं.” लोक इतके हसले की पाळकांना प्रार्थना लावावी लागली. तेव्हापासून वहिनी, म्हणजे त्याची बायको, त्या रविवारी पर्समध्ये काडेपेटी ठेवू लागली.

वडिलांची नजर कमी झाल्यावर हाक देण्याचं काम माझ्याकडे आलं. यादी लिहून काढणं, घरोघरी आठवण करणं, कोणी गावाला गेलं असेल तर त्याची ओळ दुसऱ्याला देणं, हे सगळं माझ्याकडे. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि मला त्या कामाचा अभिमान होता. तो किती होता हे पुढे कळेल.

एकाहत्तरच्या लढाईआधीपासूनच कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या होत्या. खिडक्यांना काळा कागद, स्कूटरच्या दिव्याला वरून अर्धा काळा रंग. कोणी तक्रार करत नव्हतं, तसे दिवसच नव्हते. पण मी थकलो होतो. सलग सहा आठवडे मी उजेडात घरी आलो नव्हतो. डिसेंबरात मला एक दिवस मोकळा हवा झाला. आजारपण नाही, लग्न नाही, काही नाही. नुसता एक दिवस. असं कारण सांगून त्या दिवसांत सुट्टी मागता येत नव्हती.

मित्राची साप्ताहिक सुट्टी दुसऱ्या दिवशी होती. त्यालाही ती तीन आठवड्यांनी मिळालेली. मी त्याला म्हणालो, “आईला ताप आहे. उद्याची माझी पाळी घेशील का?”

तो म्हणाला, “घेतो ना. त्यात काय एवढं? आईंना चहात आलं दे.”

आईला ताप नव्हता. आई धडधाकट होती आणि त्या वेळी कोथिंबीर निवडत होती.

मी सायकलने पनागरला गेलो. तिथे एका ओळखीच्या भाजीवाल्याचं मटारचं शेत होतं. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मी बांधावर पेरूच्या झाडाखाली आडवा झालो. ऊन कोवळं होतं. शेंगा तोडून तोडून खाल्ल्या. वर पोपट आले, पेरू कुरतडून माझ्या अंगावर टाकत राहिले. दुपारी झोप लागली आणि उठलो तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी एकटाच मोठ्याने गायला लागलो. स्तुतीचंच गाणं. शेताच्या पलीकडून भाजीवाला हसला. आयुष्यभर मी देवळात त्या स्तोत्राची हाक दिली आहे, पण झाडं, पाखरं आणि माणूस एका आवाजात देवाला आळवतात म्हणजे काय, ते मला तिथे त्या एका दुपारी कळलं. हे मी लपवणार नाही. ती स्तुती खरी होती. माझ्या अपराधातला सगळ्यात अवघड भाग तोच आहे.

संध्याकाळी मित्राला देण्यासाठी पिशवीभर मटार घेऊन मी परत आलो आणि थेट त्याच्या दारी गेलो. कुलूप होतं. शेजारीण बाहेर आली आणि म्हणाली, “भैया, तुम्हाला माहीत नाही का? त्यांना इस्पितळात नेलं. शेडमध्ये भडका उडाला.”

माझ्या मेजावर उडाला. दारूची पूड होती, स्फोट नव्हता, नुसता भडका. डोळ्याचं पातं लवावं तेवढा. पुढे चौकशी झाली आणि कोणाचीच चूक निघाली नाही. पण त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले आणि डावा गाल. दुसऱ्या कोणाला काही झालं नाही. मटारची पिशवी मी त्यांच्या कडीला अडकवून इस्पितळात पळालो. ती तिथे अडकवायला नको होती, हे मला वाटेत सुचलं. परत आलो तेव्हा ती पिशवी तिथे नव्हती.

तिसऱ्या दिवशी आई माझ्याबरोबर डबा घेऊन आली. व्हरांड्यात वहिनी भेटल्या. दोन रात्री झोपलेल्या नव्हत्या, तरी त्यांनी आधी आईलाच विचारलं, “आई, तुमचा ताप उतरला ना?”

आईने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही, एखादा श्वास. मग म्हणाली, “उतरला, बाई.”

घरी दारापाशी रिक्षातून उतरल्यावर ती म्हणाली, “आता हे खोटं माझं पण झालं, बेटा.” पुढचे तीन महिने ती रोज त्यांचा डबा करून देत राहिली. पुन्हा तो विषय तिने काढला नाही.

मार्च आला. मित्र इस्पितळातून घरी आला होता. मी यादी लिहायला बसलो. समुद्रातल्या जनावरांपर्यंत आलो आणि पुढची ओळ लिहिलीच नाही. सरळ गारा लिहिल्या. मनाला सांगितलं की ही दया आहे. ज्या माणसाची कातडी आगीने नेली त्याला सगळ्यांसमोर उभं करून आगीच्या वतीने देवाची स्तुती करायला लावायची, हे कोणत्या तोंडाने? मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांना सांगितलं, तेही म्हणाले, बरं केलंस. मला बरं वाटलं. खरं म्हणजे त्याच्या हातांकडे बघत ‘आग’ हा शब्द माझ्या तोंडून निघाला नसता. पण ते मी तेव्हा स्वतःशीसुद्धा बोललो नाही.

तो येईल असं मला वाटलं नव्हतं. तो आला. हातांना पांढऱ्या सुती पट्ट्या, अंगात लग्नातला कोट, वहिनींच्या मांडीवर घासून लखलखीत केलेली समई. मी हाक द्यायला लागलो. सूर्य, हजर. चंद्र, हजर. वहिनींनी पर्स उघडली. समुद्रातली जनावरं, हजर. वहिनी उठायला म्हणून समईला हात लावतात तोवर मी म्हणालो, “गारा.”

गार्डसाहेब उठले. वहिनी तशाच अर्धवट उठलेल्या राहिल्या, मग खाली बसल्या. मी यादीतून डोळे वर केले नाहीत. पाखरांपर्यंत आलो तेव्हा दोघं निघून गेली होती. उपासना संपल्यावर चहा घेताना लोक माझ्याजवळ येऊन म्हणाले, “समजूतदारपणा केला, भैया.”

चार दिवसांनी मी त्याच्याकडे गेलो. तो ओट्यावर बसला होता. हातांवर मलम लावून ते मांडीवर उताणे ठेवलेले, जसे कोणी काही मागतंय. वहिनींनी चहा ठेवू का म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या.

तो म्हणाला, “माझी आग कुठं गेली बे?”

तुला त्रास होईल म्हणून वगळली, असं मी सांगितलं.

“अच्छा. मागच्या साली गारांनी माझ्या साल्याचं पूर्ण शेत झोपवलं. तो तुझ्या समोरच्या बाकावर बसला होता. त्याच्यासाठी गारा काटल्या का तू?”

“नाही.”

“वादळात गार्डसाहेबांचं छप्पर उडालं. वादळ काटलं?”

“तेही नाही.”

“ज्यानं आगीला बोलावलं, त्याला माहीत नव्हतं काय, आग काय करते ते? तरी बोलावलं ना? ती यादी तुझी आहे काय? मी तीन महिने पलंगावर पडून एकच गोष्ट घोकून राहिलो होतो, की मार्चमध्ये उठायचं आणि हजर म्हणायचं. हात नसले तरी तोंड आहे. आणि तू म्हणतो, गारा.”

मी त्या क्षणी सांगायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण वहिनी चहा घेऊन आल्या आणि मी कप हातात घेतला. त्याला कप धरता येत नव्हता, वहिनी त्याला बशीतून पाजत होत्या. मी माझा चहा प्यायलो आणि उठलो.

तो देवळात येईनासा झाला. कारखान्यात मात्र परतला. बोटं ताठ राहिली होती, मुठी वळत नव्हत्या, म्हणून त्याला हलकं काम दिलं: फाटकावर, झडतीच्या ठिकाणी. माणसांनी जमा केलेल्या काडेपेट्या आणि विड्या सांभाळायच्या, आणि ज्याच्यावर संशय येईल त्याचे खिसे चाचपायचे. रोज सकाळी मी त्याच्यासमोर हात वर करून उभा राही. त्याला माझा संशय येण्याचं काही कारण नव्हतं. तरी तो न चुकता माझे खिसे चाचपत असे, त्या ताठ बोटांनी, आणि तोंडाने फक्त म्हणे, “चलो.” मागचे लोक थट्टा करत, ‘जिगरी दोस्ताची पण झडती घेतोस का?’ तो म्हणे, ‘दोस्ताचीच आधी घ्यावी.’ तो थट्टेनेच म्हणत असेल. मला तसं ऐकू येत नसे.

वर्ष असं गेलं. पुढच्या मार्चमध्ये मी आग यादीत परत लिहिली आणि वहिनींकडे निरोप धाडला. उत्तर आलं नाही. त्या रविवारी मी समुद्रातल्या जनावरांनंतर थांबलो आणि म्हणालो, “आग.”

कोणी उठलं नाही. मी दुसऱ्यांदा म्हणालो. लोक मागे वळून दाराकडे बघू लागले. बाहेर गुरांच्या घरच्यांनी बांधलेलं रेडकू होतं, ते ओरडलं. त्याची पाळी बरीच पुढे होती. एखादा मुलगा हसला असेल, त्याला कोणी दटावलं असेल. मला एवढं आठवतं की मेजावर सूर्याचं ताट होतं, नर्मदेचा लोटा होता, आणि मधे समईएवढी जागा रिकामी होती. ‘गारा’ न म्हणताच मी कागद मेजावर ठेवला. बाकीची यादी गार्डसाहेबांनी वाचली.

मी चहाला थांबलो नाही. तसाच त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावरच होता. वहिनी दारात गहू निवडत होत्या. मी बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा काहीतरी दुसरंच बोललो असतो.

म्हणालो, “आईला ताप नव्हता.”

“कोणत्या आईला?”

“माझ्या. त्या दिवशी. मी खोटं बोललो.”

वहिनींचे हात सुपात थांबले. त्याने विचारलं, “मग होता कुठं तू?”

“पनागरला. मटारच्या शेतात.”

“काय करून राहिला होता तिथं?”

“झोपलो. शेंगा खाल्ल्या. गाणं म्हटलं.”

“कोणतं?”

“स्तुतीचं.”

त्याने आपले हात मांडीवर पालथे केले. नवी कातडी गुलाबी आणि चकचकीत होती, त्यावर एक केस नव्हता. मग म्हणाला, “गोड होते?”

“काय?”

“मटार.”

“होते,” मी म्हणालो. त्यापुढे खोटं बोलणं शक्य नव्हतं.

वहिनी सूप उचलून आत गेल्या. आतून कडी लागली. ती पिशवी त्या संध्याकाळी शेजारणीने उचलून ठेवली होती आणि दुसऱ्या दिवशी वहिनींनी इस्पितळात त्याला त्याच मटारची उसळ भरवली होती, हे मला आईकडून फार उशिरा कळलं. भाऊजींनी इतक्या धावपळीत आठवणीने मटार आणून ठेवले, म्हणून त्या लोकांना सांगत होत्या.

तो म्हणाला, “जा आता.”

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्याने ताठ हात वर केला. “माफीचं नंतर. पुढच्या साली आग लिहून ठेव. मी येईल. माझा हात चालत नाही, काडी ओढता येत नाही. बायको ओढत होती, आता ती नाही ओढणार. काडी तू ओढायची. सगळ्यांसमोर.”

नंतरच्या वर्षभरात तो माझ्याशी फाटकावरच्या ‘चलो’पलीकडे एक शब्द बोलला नाही. खिसे मात्र तपासत राहिला. मी त्या वर्षात मंडळीच्या वडीलधाऱ्यांना सगळं सांगितलं आणि हाक देण्याचं काम काढून घ्या म्हणालो. ते म्हणाले, दुसरं कोणी नाही. एकाने एवढं विचारलं की आईलाही माहीत होतं का. मी हो म्हणालो. ते मी म्हणायला नको होतं. आईचा काय दोष होता? पण एकदा खरं सांगायला बसलो की ते कुठे थांबवायचं, तेही मला कळत नव्हतं.

मला काडी ओढण्याची भीती होती, हेही इथे लिहून ठेवतो. भडका मी पाहिला नव्हता, म्हणून रोज वेगवेगळा दिसायचा. घरी स्टोव्ह आईच पेटवायची. फेब्रुवारीत मी एक काडेपेटी आणली आणि मोरीत उभा राहून सवय केली. आई बाहेरून म्हणाली, “सगळ्या संपवू नको.”

तो रविवार आला. तो आला, तोच कोट घालून. वहिनी दोन बोटं अंतर ठेवून शेजारी बसल्या, मांडीवर समई. मी हाक दिली. सूर्य, चंद्र, तारे, पाणी. समुद्रातली जनावरं. मग मी कागद खाली ठेवला, कारण ती ओळ कागदात बघायची गरज नव्हती.

“आग.”

तो उठला. समई वहिनींनी उचलून त्याच्या दोन मनगटांच्या मधे दिली. तो ती तशीच धरून, हळूहळू, तेल न सांडता पुढे आला आणि मेजावरच्या रिकाम्या जागी टेकवली. मी खिशात हात घातला. काडेपेटी नव्हती. आठवणीने घेतली होती, आणि निघताना सवयीने घरच्या ओट्यावर काढून ठेवली होती, जशी फाटकावर ठेवतात. इतक्या वर्षांची सवय.

त्याच्या लगेच लक्षात आलं. तो गालातल्या गालात हसला, भाजलेल्या बाजूला ते नीट उमटत नसे. “रोज चाचपतो मी,” तो एवढ्या हळू म्हणाला की मलाच ऐकू गेलं, “आज पहिल्यांदा काही निघायला हवं होतं.”

मागे पर्स उघडल्याचा आवाज झाला. वहिनी उठून आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. काडेपेटी मेजावर ठेवली आणि तिथेच उभ्या राहिल्या. मी काडी ओढली. पहिली मोडली. दुसरी पेटली. वात धरायला वेळ लागला, तेव्हा त्याने आपलं ताठ मनगट माझ्या मनगटाखाली आधाराला लावलं.

मग तो लोकांकडे वळला आणि म्हणाला, “हजर.” मोठ्याने नाही. जसं सगळे म्हणतात तसं.

वहिनींनी काडेपेटी उचलली, परत पर्समध्ये टाकली आणि जागेवर जाऊन बसल्या. त्या माझ्याशी आजही कामापुरतंच बोलतात, आणि ते बरोबर आहे. तो बसला. मी कागद उचलून पुढची ओळ वाचली, आणि गार्डसाहेब निम्मी वितळलेली लादी घेऊन उभे राहिले.